सोफासाहेबांची कुत्री

बसण्याआधी ते गादी दोन बोटांनी दाबून पाहतात. परक्याच्या घरीसुद्धा. एकच मजला उतरायचा असला तरी लिफ्टसाठी थांबतात, आणि थांबताना भिंतीला टेकतात. टीव्हीचा रिमोट पोटावर ठेवतात आणि मग घरभर शोधायला लावतात. जेवणानंतर "जरा पाठ टेकतो" म्हणतात, की संध्याकाळच होते. फोनवर कुणी "कुठे आहात?" विचारलं तर "निघालोच" म्हणतात. आडव्यानेच.

हे सोफासाहेब. नाव इमारतीने ठेवलेलं. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात ते सोफे विकतात, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. याचं कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे. सोफा घ्यायला आलेला माणूस स्वतःबद्दल खरं बोलत नाही. "आमच्याकडे पाहुणे फार," म्हणतो. "आम्ही संध्याकाळी वाचत बसतो," म्हणतो. पोटावर ताट ठेवून मालिका बघतो, असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. म्हणून सोफासाहेब ऐकलेल्यातलं निम्मं वजा करतात आणि उरलेल्या माणसाला सोफा विकतात. तक्रार येत नाही.

त्यांचा स्वतःचा सोफा तीन माणसांचा. लग्न केलेलं नाही. घरात थोरली बहीण, ताई. ती स्वयंपाकघरातून बोलते, हे हॉलमधून हुंकार देतात. दुकानात दिवसभर माणसं जोडीने बसून सोफा जोखतात. घरी आल्यावर शेजारच्या रिकाम्या जागा सोफासाहेबांना हल्ली खुपायला लागल्या होत्या. एके दिवशी त्यांनी कुत्रा आणायचं काढलं.

"म्हणजे हौस तुझी आणि निस्तरायचं मी," ताई म्हणाली.

"तुला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

"माशांच्या वेळी हेच म्हणाला होतास."

"माशांचं वेगळं होतं."

"हो. ते मेले."

बेवारस कुत्र्यांचं शेल्टर शहराच्या टोकाला होतं. दारातच एक म्हातारा, जाडा कुत्रा पसरला होता. हनुवटी पाण्याच्या भांड्याच्या काठावर. तहान लागली तर उठायला नको. सोफासाहेबांचा जीव तिथेच जडला.

पण शेल्टरवाल्या बाईंनी आधी त्यांना खुर्ची दिली. "आम्ही रूप बघून कुत्रा देत नाही. तुमच्या राहणीला जुळेल असा देतो. तुमचा दिवस कसा जातो?"

सोफासाहेबांनी ओळखलं. आपलाच धंदा! या बाई निम्मं वजा करणार. थोडं चालतो म्हटलं तर बिछान्याला खिळलेला समजतील. तेव्हा त्यांनी आधीच दुप्पट करून सांगायला घेतलं. शून्याची दुप्पट किती होते, हे तेव्हा सुचलं नाही.

"पहाटे धावतो."

"रोज?"

"पाऊस असला तरी."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"टेकडी."

"घरात आणखी कोण?"

"बहीण. तिचं काही नाही. ती घरातच असते."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी काही म्हणता काही वजा केलं नाही. आत जाऊन त्या एक सडपातळ, तांबूस कुत्री घेऊन आल्या. खरं तर कुत्रीच त्यांना घेऊन आली. "मेंढ्या राखणाऱ्यांचं रक्त आहे हिच्यात. तुमच्यासारख्याचीच वाट बघत होते. महिन्याभराने येऊन बघेन. जुळलं नसेल तर परत नेईन."

"तो दारातला..." सोफासाहेब चाचरले.

"त्याचं ठरलंय. एक गृहस्थ नेताहेत. म्हणाले, मी आळशी आहे, मला आळशीच द्या."

असं गिऱ्हाईक सोफासाहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

कुत्री घरात शिरली ती सोफ्यावर, तिथून खिडकीत, खिडकीतून टेबलावर. मग तिने चपला आणि उशा हॉलच्या मधोमध गोळा केल्या आणि त्यांच्यावर पहारा करत बसली. "पायाला भिंगरी आहे मेलीच्या," ताई म्हणाली, आणि तेच नाव पडलं. दमल्यावर मात्र भिंगरी सोफ्यावर चढली आणि सोफासाहेबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी ते हलले नाहीत. ही आता जाता कामा नये, एवढंच मनात होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ते धावायला निघाले. लिफ्टने उतरले. फाटकापर्यंत पोचले, तिथला बाक दोन बोटांनी दाबला, आणि बसले. पुढे रोज तेच. भिंगरीने पडदा फाडला त्या दिवशी ताईचा पारा चढला.

"दे तो पट्टा इकडे!"

जुने कॅनव्हासचे बूट चढवून ती गेली. परतली तेव्हा दोघींच्या जिभा बाहेर होत्या.

"कुठे गेली होतीस?"

"टेकडीवर."

"तू?"

"शाळेत पहिली यायचे धावण्यात. तुला कुठून माहीत असणार, तू तेव्हाही झोपलेला असायचास."

मग ती रोजच जाऊ लागली. जाताना नशिबाला बोल लावायची, येताना गुणगुणत यायची.

महिना सरला. शेल्टरवाल्या बाई आल्या. सोफासाहेब नव्याकोऱ्या खेळाच्या बुटांत उभे होते.

"मग, टेकडीची कुठली वाट आवडते हिला?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... तशी सगळीच..."

"याला विचारताय?" ताई म्हणाली. "याला टेकडी टीव्हीवर दिसली तरी धाप लागते."

बाई सोफासाहेबांकडे वळल्या. "तुम्ही खोटं बोललात माझ्याशी?"

"मला वाटलं, तुम्ही निम्मं वजा कराल."

"ते कशाला?"

बाईंनी खुंटीवरचा पट्टा उचलला. सोफासाहेब खाली बसले. पहिल्यांदाच, गादी न दाबता.

ताई दारात आडवी उभी राहिली. "न्यायचंच असेल तर याला न्या. भिंगरी राहील."

बाईंनी तिच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिलं. पट्टा परत खुंटीला अडकवला. "तुमचा दिवस कसा जातो?"

ताईला हे कुणी विचारलं नव्हतं. "आधीचा सांगू, की आताचा?"

भिंगरी राहिली.

तेव्हापासून सोफासाहेबांनी एक काम अंगावर घेतलंय. "फिरवणं तुझं. बसायला मी शिकवतो. लोकांना बसवण्यातच हयात गेली माझी." रोज ते शेजारची गादी दोन बोटांनी दाबतात आणि म्हणतात, "बस." भिंगरी त्यांच्याकडे पाहते. तिचं बूड हळूहळू खाली यायला लागतं. अर्ध्यावर येतं. तेवढ्यात आत ताई बुटांच्या नाड्या आवळते.

शिकवणी अजून तिथपर्यंतच आली आहे.