अठरावा चिंचोका

अप्पांच्या कोटाच्या खिशात औषधाची चिठ्ठी वेळेला सापडायची नाही, चिंचोके मात्र हमखास. भवानी पेठेतल्या दवाखान्यात ते कंपाउंडर, मी कारकून. माणूस लई भला, पण कोडी घालून जीव नकोसा करायचा.

"कारकुना, प्लेग झालेल्या दहांत नवांना गाठ येते. मग गाठ आलेल्या दहांत प्लेग कितीजणांना?"

"नवांना की, अप्पा!"

अप्पा टेबलावर चिंचोके मांडू लागले. "ही समज माळावरची शंभर माणसं. दहांना प्लेग, त्यातल्या नवांना गाठ. बाकीच्या नव्वदांत काटा मोडून गाठ आलेली अठरा. आता समदे गाठवाले एका रांगेत उभे कर. किती?"

"सत्तावीस."

"त्यात प्लेगचे?"

"नऊच! म्हणजे तिघांत एक?"

"बघ. दहांत किती म्हणून विचारलं की भलेभले चुकत्यात. माणसं उभी करून विचारलं की शेंबडं पोरगंबी बरोबर सांगतंय."

काट्याचं अप्पा उगाच म्हणत नव्हते. प्लेग आला की पेठ ओस पडायची, सगळे माळावर झोपड्या घालून राहायचे. माळ बाभळींचा, पाय अनवाणी. टाच पिकली की जांघेत अवधाणाची गाठ आलीच.

त्या साली अप्पांच्या शांताच्या टाचेत काटा मोडला. चौदा वर्षांची पोर, बापासारखीच बडबडी. अंगात कसकस, जांघेत गाठ. अप्पा औषधं घेऊन टेंभुर्णीला गेलेले. नवे तपासनीस साहेब झोपड्या तपासत आले, त्यांच्यामागे वही घेऊन मी.

"काका, काटा मोडलाय हो, टाच बघा की," शांता मला म्हणाली.

साहेबांनी टाच बघितली नाही. मला विचारलं, "प्लेगमध्ये गाठ किती जणांना येते?"

मोठा शहाणा मी! ताडकन म्हणालो, "दहांत नवांना, साहेब."

"मग ही प्लेगचीच. न्या हिला."

रांगेचं मला ठाऊक होतं हो! पण साहेबापुढं तोंड उघडायची छाती झाली नाही. शांताला प्लेगच्या रोग्यांच्या छपरीत नेलं. अप्पा परतले, प्रत्येकाच्या पाया पडले, पण आत गेलेल्याला दहा दिवस सोडत नसत. तिथं तिची टाच बरी झाली, गाठ बसली, आणि मग खरा प्लेग लागला. दहावा दिवस तिनं बघितलाच नाही. काट्याचा नायटा होतो म्हणतात. आमच्याकडं तिरडी झाली, आणि ती मी बांधली.

तेरावं झाल्यावर अप्पा कामावर आले.

"साहेबानं काय विचारलं हुतं?"

मी सांगितलं.

"उत्तर बरोबर दिलंस. त्यानं विचारलंच उलटं." मग म्हणाले, "पण तुला रांग ठाव हुती की रे."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"ही काट्यावाली," म्हणत त्यांनी खिशातले चिंचोके काढून माझ्या वहीवर ठेवले आणि औषध घोटायला गेले. पुन्हा कधी त्यांनी कोडं घातलं नाही. मी ते चिंचोके मोजले. काट्यानं गाठ आलेल्यांचे अठरा असणार असं वाटलं होतं, पण भरले सतरा. मान वर केली तर अप्पा एकाच हातानं खलात औषध घोटत होते. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.