उलाळलेली ट्रॉली

विटांनी भरलेली ट्रॉली दिसली की मला चौसाळ्यातला तो पायाचा खड्डा आठवतो. हायवेलगत दुकान बांधणाऱ्या शेतकऱ्याला खांब अगदी शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून हवा होता. मी इंजिनिअर, कागदावर आकडे मांडून सांगत होतो, की खांबाचं सगळं वजन पायाच्या एका कडेवर आलं तर तिथली काळी माती दबेल आणि दुसरी कड उचलली जाईल. "सायब, वीतभर जागा सोडणार न्हाई," एवढंच त्याचं उत्तर. मिक्सर सुरूही झाला होता. तेवढ्यात ट्रॅक्टरपासून सोडलेल्या ट्रॉलीतल्या विटा मजूर पुढच्या बाजूनं उतरवू लागले. शेतकरी ओरडला, "पुढून काढू नका बे, उलाळंल!" पण ट्रॉलीनं तोंड वर केलंच आणि विटा मागं धडाधड सांडल्या. सगळे हसत सुटले. तो मात्र खड्ड्याकडं बघत राहिला. "म्हंजी खांबाचं बी आसंच?" मी होकारार्थी मान हलवली. "मग थांबवा की तो मिक्सर!" शेवटी खांब कडेलाच ठेवला, पण खालून जाड तुळईनं आतल्या खांबाला जखडला, म्हणजे पाया उलाळायला नको. आता दुकानात गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्यान्ला पायाचं गणित म्याच शिकवलं." मी नाकारत नाही, हल्ली मीही कागद काढायच्या आधी ट्रॉलीचीच गोष्ट सांगतो.