दत्ताच्या आईची मालिका

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला सॅटेलाइट फोन मिळायचा, तोही दोन मिनिटं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये सगळी मराठी पोरं. पहाटे मोर्च्यावर पहारा, मग बर्फ काढायचा, मग गस्त, मग पुन्हा बर्फ. सिनेमात हे दाखवत नाहीत, बघणारा झोपून जाईल.

संध्याकाळी स्टोव्हभोवती एकच वाद. टीव्हीवरची आजवरची सगळ्यात भारी मालिका कोणती? शत्रूबद्दल आम्ही एवढं डोकं कधी चालवलं नाही.

कोल्हापूरकडचा लान्स नायक शिवा पोलिसांच्या एका मालिकेवर अडून बसलेला. "खुनी कोण, शेवटपर्यंत कळत न्हाई. ह्याला म्हणायचं मालिका."

नायक दत्ता इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. मी शेजारच्या वरकुट्याचा, त्यामुळं माझ्याशी जरा हक्कानं बोलायचा. तो म्हणायचा, "पोलिसं ऱ्हाऊ द्या. आमच्या आयची मालिका ऐका."

ऐका म्हणायचा, बघा नाही. कारण दत्तानं ती स्वतः कधी बघितलीच नव्हती. त्याच्या कॉलची दोन मिनिटं आई मालिकेतच घालवायची. तब्येत, ऊस, भावकी, काही नाही. थेट सुरुवात: "ती कलेक्टरीण झाली रं, पर सासू तिला उंबऱ्याच्या आत घेत न्हाय." तेवढ्यावरून दत्ता आम्हाला तासभर रंगवून सांगायचा, सासूचा आवाज काढून. पोलिसांची मालिका हळूहळू मागं पडली. दत्ताच्या कॉलच्या दिवशी शिवासुद्धा लवकर जेवून बसायला लागला.

मग शिवा सुट्टीवर गेला आणि परत आला तो तावातच.

"साहेब, अशी मालिकाच न्हाई! कलेक्टरीण एका मालिकेत हाय, सासू दुसऱ्या. एक संपली की दुसरी लागती. म्हातारीनं दोन्ही कालवल्यात."

सगळे पोट धरून हसले. दत्ता जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तर मग आमचीच भारी. टीव्हीवाल्यास्नी एक धड जमंना, आयनं दोनाची एक केली."

"वाद बंद," मी म्हणालो. "दत्ताच्या आईची पहिली. ही ऑर्डर आहे."

पुढच्या कॉलला आईनं सांगितलं, सासू आजारी पडलीय, घरात एकटी आहे आणि कलेक्टरीण दारात उभी आहे. तेवढ्यात दोन मिनिटं संपली. सासू दार उघडणार का? आठवडाभर पोस्टवर दुसरा विषय नव्हता.

कॉलच्या दिवशी सकाळी दत्ता तिघांना घेऊन खालच्या पोस्टकडं गस्तीला निघाला. मला म्हणाला, "साहेब, सांजच्याला कळंल दार उघडलं का न्हाय."

"आधी दोर तपास," मी म्हणालो.

रेडिओवर त्याचा आवाज आला. "नाल्यापाशी पोचलो. ओव्हर."

"रॉजर. अंतर ठेवून चला. ओव्हर."

उत्तर आलं नाही. वरच्या उताराचा सगळा बर्फ खाली आला होता. आम्ही धावलो. तिघं जिवंत सापडले. दत्ता सापडला नाही.

अंधार पडला तेव्हा आम्हाला माघारी यावं लागलं. पोस्टवर सॅटेलाइट फोन येऊन पडला होता. पहिली पाळी दत्ताची. आम्ही फोनकडं बघत बसलो. कळसला म्हातारी मोबाइल मांडीवर घेऊन बसली असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी कुणीच घरी फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी शिवानं दत्ताचा देह बर्फातून बाहेर काढला. त्यानंतर शिवा त्या पोस्टवर कुठल्याच मालिकेबद्दल बोलला नाही.

आता मी बारामतीला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आमच्याकडं प्रत्येक निवृत्त फौजी मेजरच असतो. पोरं मोबाइलवर मालिका दाखवत भांडतात आणि विचारतात, "मेजर, तुमची नंबर एक कंची?" मी राउंडला निघून जातो. नंबर एक म्हणून दाखवायला ती मालिका कुठं सापडत नाही.

कळसला दत्ताच्या आईकडं मात्र दरवर्षी जातो. यंदा न राहवून विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही दत्ताला काय सांगणार होतात? सासूनं दार उघडलं का?"



"दोन मालिका व्हत्या त्या. मला काय कळत न्हवतं व्हय? पर त्याला दोनच मिन्टं मिळायची. दोन कुठनं सांगू? म्हनून एक केली."

"मग पुढं?"

"टीव्हीत पुढं तसलं काय न्हवतंच. माझं मीच जुळवून ठिवलं व्हतं, त्याचा फोन येनार म्हनून."

"सांगा की मला."

त्यांनी मान हलवली. "त्याला सांगायचं व्हतं, भाऊ. तुमाला न्हाय."

मी उठलो. दत्ताच्या फोटोला सॅल्यूट केला. नायक दत्ता, मुक्काम कळस, तालुका इंदापूर. सेक्शनमधला सगळ्यात हसरा माणूस. दार उघडलं का, हे न कळताच तो गेला.