काकांचं कुरकुरीत

हरायचं कसं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्या मावशीच्या यजमानांकडे, आमच्या काकांकडे जावं. इतक्या मेहनतीनं, इतक्या चवीनं आणि इतकं तेल ओतून हरलेला दुसरा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. मी लढणाऱ्यांतली. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात माईक हातात आला तर सोडत नाही, आणि "काही होणार नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचा मला मनस्वी संताप येतो. काकांचा मात्र कधी आला नाही, कारण ते तसं कधी म्हणालेच नाहीत. काही होणार नाही हे मला कळलं होतं, मावशीला कळलं होतं, विजापूर रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही कळलं असावं, कारण फसलेली प्रत्येक तंगडी शेवटी त्यांच्याच वाट्याला यायची. कळलं नव्हतं ते एकट्या काकांना.

त्याच रस्त्यावर काकांची मटण-भाकरीची खानावळ होती. काळा मसाला, वर लाल तर्री, बाजूला शेंगांची चटणी, आणि भाकरी अशी की मोडताना शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायचा. कॉलेजची पोरं, कारकून, ट्रकवाले, सगळे त्या बाकांवर वाढले. उठणाऱ्या प्रत्येकाला काका विचारायचे, "पोट भरलं का रं?", आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे घेत नसत. मग थोड्याच अंतरावर परदेशी साखळीतलं एक तळलेल्या कोंबडीचं दुकान उघडलं. काचा, गारवा, हसऱ्या मुली, कागदी बादल्या. पोरं तिकडं वळली ती वळलीच. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं, "ताटावरचं आक्रमण". त्यात भांडवल होतं, आपली ज्वारी होती, उद्गारचिन्हं तर भरपूर होती. काकांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "लई चांगलं लिवलंयस गं पोरी. पन त्यांच्या मसाल्यात काय काय असतंय, ते कुटं लिवलंय ह्यात?" मावशी गल्ल्यावर बसलेली होती. ती तिथूनच म्हणाली, "दिवाळीपतुर बघायचं. पोरं परत आली तर खानावळ ऱ्हाईल, न्हायतर कुलूप." आमच्या घरात मावशी एकदा बोलली की त्यावर अपील नसतं.

तर काकांनी पोरांना परत आणायचं ठरवलं, आणि तेही पोरांच्याच आवडीच्या वाटेनं, म्हणजे तीच कोंबडी आपल्या कढईत तळून. शत्रूचं नाव ते तोंडातून काढत नसत. "कुरकुरीतवाले" म्हणत. त्या कुरकुरीतवाल्यांचं पार्सल मावशी आणायची, तोंडाला स्कार्फ बांधून, ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून. काका ते पांढऱ्या बशीत ठेवत, आधी वास घेत, मग जिभेच्या टोकावर एक कण ठेवून डोळे मिटत आणि इतका वेळ गप्प बसत की मावशी काळजीनं हाक मारायची. एकदा तर त्यांनी वरचं सगळं कवच सोलून नळाखाली गाळणीत धुतलं. मैदा वाहून जाईल आणि मसाला तेवढा मागं उरेल, असा त्यांचा हिशेब. उरलेला चिखल वाळवायला गच्चीवर कागद हवे होते, म्हणून माझ्या पत्रकांचा गठ्ठा पसरला. चळवळीत आल्यापासून माझ्या लिखाणाचा कुणाला इतका प्रत्यक्ष उपयोग झालेला मी पाहिला नव्हता. सोलापूरच्या उन्हात चिखल तासाभरात वाळला, काकांनी भिंग लावून तो निरखला आणि जाहीर केलं, "मिरी हाय." मिरी आहे हे खाणाऱ्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. पण काकांचा चेहरा असा उजळला होता की माझी टोमणा मारायची हिंमत झाली नाही.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. काकांच्या घराण्यात मसाला भाजल्याशिवाय कांडत नाहीत. साधा भाजत नाहीत; तेलावर, मंद आचेवर, काळपट रंग येऊन ठसका लागेपर्यंत. कुणीतरी सांगितलं त्यात पांढरी मिरी असते, तर काकांनी सगळा बाजार पालथा घालून पांढरी मिरी मिळवली, आणि घरी आणून भाजून काळी केली. सुंठ भाजली, मोहरी भाजली, लसणाची पूडसुद्धा तव्यावर टाकली. मग ते सगळं मैद्यात कालवून, तंगडीला थापून उकळत्या तेलात सोडायचे. एकदा भाजलेला मसाला दुसऱ्यांदा जळायचा आणि कढईतून जे वर यायचं ते कडू, काळं, आमच्याच मटणाच्या दूरच्या नातेवाइकासारखं दिसायचं. शिवाय मैदा अळणी वाटतो म्हणून काका गुपचूप मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकायचे ते वेगळंच.

"काका, त्यांचा मसाला भाजलेला नसेल," मी म्हटलं.

"कच्चा मसाला गिऱ्हाइकाच्या पोटात घालू? पाप हाय ते."

"अहो, पण ते घालतात ना!"

"ते घालत्यात म्हनून आपन घालायचं? मग तू ती पत्रकं कशाला काढतीस?"

मी पुढचं पत्रक लिहायला घेतलं. काका मात्र भाजणं सोडून बाकी सगळ्यावर संशय घेत राहिले. आधी कोंबडीवर घेतला, गावरान आणून पाहिली; ती शिजेचना. मग तेलावर. मग पाण्यावर. "आपलं पानी साठवनीचं. नळाला आल्या आल्या ताजं पायजे," म्हणून पाणी येण्याच्या दिवशी मावशी हंडे भरत असताना हे मधेच कोंबडीचं पातेलं नळाखाली धरून उभे. मावशी जे बोलली ते मी पत्रकातही छापू शकणार नाही.

दसरा गेला. दुपारच्या वेळी बाकं रिकामी दिसायला लागली. एके दिवशी काकांनी मसाला तव्यावर घ्यायचा आणि सिलेंडर संपायचा एकच मुहूर्त लागला. दुसरा सिलेंडर येईपर्यंत दुपार टळली, आणि दारात कॉलेजची चार-पाच पोरं, मीच हाताला धरून आणलेली, खोळंबून उभी. भाजायला वेळ उरला नाही. काकांनी भिंतीवरच्या देवाकडे एकदा पाहिलं, कच्चे मसाले तसेच कुटून मैद्यात कालवले आणि तंगड्या तेलात सोडल्या. गडबडीत कूट टाकायचंही राहिलं.

पहिला घास घेतलेला पोरगा थांबलाच. "काका! सेम टू सेम! डोळे मिटले ना, तर तिथंच बसल्यागत वाटतंय."

"खरंच?" काकांनी विचारलं. पुन्हा विचारलं. मग स्वतः एक तुकडा तोडून खाल्ला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. मावशीनं पदरानं डोळे टिपले, तळणाच्या धुरामुळे असेल. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. एवढ्या मोठ्या कंपनीला एका कढईनं जमिनीवर आणलं! डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी कढई भरून तळलं. पोरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तावातावानं कॉलेजच्या फाटकाशी जाऊन त्यांना गाठलं आणि म्हटलं, लाज नाही वाटत? त्यातला एक बिचारा खरं बोलला. "ताई, चव एकदम भारी होती. पण तसंच खायचं तर तिथंच जातो ना. तिथं एसी हाय." मी परत फिरले. काय सांगणार? इतके महिने राबून काकांनी जे मिळवलं होतं, ते दोनशे पावलांवर आधीपासूनच मिळत होतं. नेमकं तेच, आणि गारव्यात बसून. जे तिथं मिळत नव्हतं, ते आमचं मटण-भाकरीचं ताट, या सगळ्या धडपडीत चुलीच्या मागं सरकलं होतं. मटणाची जुनी गिऱ्हाइकंही तळणाच्या वासाला कंटाळून पांगली होती. मी हे काकांना सांगितलं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मावशीनं कुलूप लावलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागच्या महिन्यात काका अचानक म्हणाले, "चल, एकदा बसून खाऊ त्यांच्याकडं." मी तत्त्वानं तिथं पाऊल टाकत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी तंगडी निगुतीनं खाल्ली, कवचाचा एक कणही ठेवला नाही, आणि "चांगली हाय," म्हणाले. रागानं नाही, एका कारागिरानं दुसऱ्याबद्दल बोलावं तसं. मग ते इकडं तिकडं बघत बसले. शेजारच्या टेबलावर एक मुलगा कानात इयरफोन घालून एकटाच जेवत होता. समोरच्या डब्यात नुसती हाडं उरली होती. काका त्याच्याकडे थोडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पोट भरलं का रं?"

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं डबा उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि तो निघून गेला. काका दार बंद होईपर्यंत उत्तराची वाट बघत होते.