वाफेसाठी राखलेली विहीर

देवळाली प्रवरेच्या बाजूला गहिनीनाथला लोक 'वाफवाला' म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, पण त्याला ते आवडायचं. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसचा तो फोरमन. लोकांना वाटतं, कारखाना उसावर चालतो. चालत असेल, पण वाफेशिवाय रस तापत नाही, आटत नाही, साखरेचा दाणा धरत नाही. वाफ कमी पडली की अख्खा कारखाना तोंड वासून बसतो आणि सगळे एकाच माणसाच्या नावानं बोटं मोडतात. तो घरी जेवायला बसला तरी कान तिकडेच. बायको म्हणायची, "लगीन माज्याशी लागलंय का त्या बॉयलरशी?"

एकाहत्तर साली संचालक मंडळाला मोठी स्वप्नं पडू लागली. गाळप दुप्पट करायचं, डिस्टिलरी काढायची, पुढे चिपाडापासून कागद करायचा. या सगळ्यांना वाफ लागणार. दहा वर्षांनी किती लागेल आणि ती कुठून आणायची, हे ठरवायला चीफ इंजिनिअर साहेबांनी गहिनीनाथला हाताशी धरलं. दोघे कामाला भिडले. चिपाड कागदाला गेलं तर बॉयलरमध्ये काय जाळायचं, कोळसा कुठे साठवायचा, धुराडं केवढं, सगळा विचार झाला. मग गाडी पाण्यावर येऊन अडली. वाफ म्हणजे शेवटी पाणीच, आणि कालवा आल्यापासून शिवारातल्या विहिरी खारावलेल्या. तसलं पाणी घातलं की घरच्या बंबात धरतो तसा थर बॉयलरच्या नळ्यांत धरतो आणि एक दिवस नळी फुटते. कारखान्याच्या कुंपणालगत गोड पाण्याची विहीर एकच होती. ती गहिनीनाथच्या बापाची.

बाप वारला होता. जमिनीला बहिणीचं, साळूबाईचं नावही लागलेलं. ती जामखेडच्या कोरड्या माळावर दिलेली. कायद्याने मुलीला वाटा मिळाला खरा, पण तो घेणाऱ्या मुलीला माहेर राहत नाही, हा कायदा त्याहून जुना. नागपंचमीला साळूबाई आली तेव्हा गहिनीनाथने तिला लुगडं-चोळी केली, जेवणं झाली आणि मग हक्कसोडीचा विषय काढला. तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही.

"अंगठा देते, दादा. पर हिरीचं पानी तेवढं तोडू नको. आमच्याकडं साल वाईट आलं तर मी जनावरं घिऊन हितं यीन. त्यास्नी पाजू दे."

"येडी का खुळी? हीर काय पळून चाललीय?"

विहीर पळून गेली नाही. ती कारखान्याच्या नावावर झाली, तिच्याभोवती काटेरी तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, वॉचमन आला. नव्या बॉयलरसाठी पाया खोदला. आणि गहिनीनाथने स्वतःच साहेबांना सुचवलं की बाहेरच्या कुणाला बादलीभरही द्यायचं नाही. एकाला दिलं की गाव रांग लावतं. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? दहा वर्षांचं पाहायला बसलेल्या माणसाला बहिणीचं एक वाक्य तेवढं दिसलं नाही.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. कालवा आटला, चाऱ्यासाठी ऊस तुटून जनावरांपुढे पडू लागला. उरलेल्या उसावर कारखाना कसाबसा धापा टाकत होता आणि बॉयलर त्या एका विहिरीवर. पौषात साळूबाई आली. नवरा सहादेव, दोन बैल, गाडीत भांडीकुंडी. मुक्काम करत करत एवढ्या लांबून. वॉचमनने अडवलं आणि गहिनीनाथला बोलावून आणलं. बैलांना पाण्याचा वास लागला होता. ते मान ताणून कुंपणाकडे ओढत होते आणि सहादेवला आवरत नव्हते.

तोवर रिकाम्या घागरी घेऊन गावातल्या बाया जमल्या. वाफवाला बहिणीला पाणी देतो का, हेच सगळ्या बघत होत्या. फाटक उघडावं तर सगळं गाव आत येणार, दोन दिवसांत विहीर कोरडी आणि बॉयलर थंड.

"साळू, मानसांना घरून घागर देतो. जनावरांचं... कारखाना बंद पडंल गं."

साळूबाई म्हणाली, "व्हय. कारखाना चालू दे." तिने नवऱ्याला गाडी वळवायला सांगितली. घागरीसाठीसुद्धा ती थांबली नाही.

एवढं करून कारखाना वाचला म्हणावं, तर तेही नाही. फाल्गुनातच ऊस संपला आणि गाळप बंद झालं. नव्या बॉयलरचा बेत रद्द झाला. दहा वर्षांची वाफ पायाच्या खड्ड्यातच राहिली. आणि विहिरीत पुरुषभर पाणी, त्याला आता कुणी विचारीना. गहिनीनाथला अन्न गोड लागेना. साहेबांच्या हातापाया पडून त्याने जनावरं पाजायची परवानगी मिळवली आणि एसटीने जामखेड गाठलं.

साळूबाई दुष्काळी कामावर सापडली, रस्त्याच्या कडेला खडी फोडत. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, म्हणून तिने चरवीतून पेला भरून दिला. टँकरचं पाणी, तळाला माती. तो ते प्यायला आणि लाजेनं त्याला वर बघवेना.

"साळू, हीर मोकळी झालीय. बैलं घिऊन चल."

"एक बैल तवाच वाटंत बसला, नगरच्या अलीकडं. उठलाच न्हाई. दुसऱ्याला घिऊन हे छावनीला गेलेत." ती हातोडी थांबवत नव्हती. "तुजा राग न्हाई मला. पर हितल्या बाया इचारत्यात, माहेरी का जात न्हाईस? मी सांगितलंय, माजं माहेर धरनात बुडालं."

"मी जित्ता हाय ना, साळू."

पलीकडच्या ढिगावरून एका बाईने ओरडून विचारलं, "कोन आलंय गं, साळू?"

साळूबाईने पदर पुढे ओढला.

"कुनी न्हाई. कारखान्याचं मानूस हाय," ती म्हणाली, आणि पुढचा दगड जवळ ओढला.