देव्हाऱ्यातला शिक्का

सोलापुरात मी जुनी तांब्या-पितळेची भांडी विकत घेतो. सायकलवरून सुरुवात केली, आता स्वतःचं दुकान आहे. भावात मला गुंडाळणारा माणूस अजून भेटलेला नाही. पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी एका प्राध्यापकांना जुन्या नाण्यांचं गाडगं मिळवून दिलं होतं. त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि लेखात मी कोण? ‘एक स्थानिक भंगारवाला’. नाव लिहायला शाई संपली होती काय? तेव्हाच ठरवलं, पुन्हा काही हाती लागलं तर स्वतः संग्रहालयात नेऊन द्यायचं आणि काचेच्या पेटीत त्या वस्तूखाली माझं नाव लावून घ्यायचं.

ती वस्तू दिसली सांगोल्याकडच्या एका वस्तीवर. नातवाचं लग्न निघालं म्हणून तिथल्या म्हातारीनं जुने हंडे द्यायला बोलावलं होतं. तोलून झाल्यावर पाणी प्यायला आत गेलो. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात टाक मांडलेले होते, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळाचे देव. त्यांच्यात एक मात्र टाक नव्हता. चांदीची जाड, बोटाच्या पेराएवढी चकती, मागं दोरा ओवायची कडी, आणि हळदीखाली खोल कोरलेली फारसी अक्षरं, तीही उलटी. नाणं असं नसतं. कागदावर उठवायचा हा कुणाचा तरी स्वतःचा शिक्का होता, शेकडो वर्षांपूर्वीचा.

“सासऱ्यास्नी नांगरताना घावला,” म्हातारी म्हणाली. “आमचा वीर हाय त्यो, लढाईत पडलेला पूर्वज. रोज दूध घालते.”

चेहरा मी कोराच ठेवला. माल आवडला की त्याला नावं ठेवायची, हा धंद्यातला पहिला धडा.

“मावशी, हा तर पार झिजलाय,” मी म्हणालो. “तोंड न्हाय, डोळे न्हाईत. असला देव कशाला ठेवता? मला द्या, बदल्यात नवा आणून देतो.”

“देव कुणी इकतं व्हय? हंडा हाय का त्यो?” ती फिस्कारली. पण चकती हातात घेऊन उजेडात धरली, पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. “खरंच की. लई झिजलाय बग.”

गळाला लागली, असं वाटलं. अशा वेळी घाई करायची नसते. मी उठलो. खिशात मोबाईल होता, तरी फोटो काढला नाही. फोटो काढला की समोरच्याला मालाची किंमत कळते.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो. तिथले साहेब वर्णन ऐकता ऐकता खुर्चीतून पुढं सरकले. “नाणी एका ठशाची पुष्कळ निघतात हो. हा एका माणसाचा, एकच. आणा, तुमच्या नावानं मांडू.” एवढं ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो!

आठवड्यानं नवा टाक घेऊन वस्तीवर गेलो. देव्हाऱ्यात शिक्का नव्हता. त्याच्या जागी घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला, चकचकीत वीर होता.

“मावशी, जुना कुठाय?”

“ह्योच की त्यो,” ती कौतुकानं म्हणाली. “झिजलेला देव देव्हाऱ्यात चालत न्हाय. लगीन तोंडावर, जागरण घालायचंय. सोनाराकडं नेला, आटवला, त्याच चांदीचा नवा घडवला. बरं झालं तुमी सांगितलंसा.”

मी उंबऱ्यावरच बसलो. “अहो, नाव होतं त्यावर! माणसाचं नाव होतं! विचारायचं तरी!”

“कुणाला इचारू? तुमीच म्हणला की, तोंड न्हाय, डोळे न्हाईत. देवाम्होरं उभं ऱ्हाऊन खोटं बोलला व्हय?”

सौद्यात सगळेच असं बोलतात. तिनंही हंडे तोलताना तांबं कसं अस्सल आहे ते तासभर सांगितलंच होतं. मी तिच्यावर ओरडलो, तिथून सांगोल्याला जाऊन सोनारावर ओरडलो. तो म्हणाला, “शेट, मुशीत गेलेलं परत निघतं का?”

संग्रहालयात सांगायला गेलो. साहेबांनी कागद-पेन पुढं केलं. “एखादं अक्षर तरी आठवतंय का बघा.” मी डोळे मिटून दोन बाक आणि एक ठिपका काढला. त्यांनी कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा धरला.

“हे कुठलंच अक्षर नाही हो,” ते म्हणाले.