चौदा दिवसांचे हिवतापमामा

कुणी बरं झालं, यावर हिवतापमामांचा विश्वासच नव्हता. माणूस खडखडीत उभा दिसला की ते जास्त काळजीत पडत. हिवताप खात्याचे कर्मचारी ते; पेण तालुक्यात घरोघर रक्त तपासायला त्यांनी इतकी बोटं टोचली होती, की ते रक्त खाडीत सोडलं असतं तर वडखळपर्यंत तांबडी भरती आली असती. हे मी कमी करून सांगतोय. चेहरा मात्र असा दमलेला, की ताप त्यांनाच आहे असं समजून लोक बसायला पाट देत.

मी तेव्हा मिठागरावर मुकादम. बायकोला, सुमनला, हिवताप झाला. हुडहुडी अशी, की शेजारची कोंबडी अंड्यांवरून उठायची. मामांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मिठागरावर एकटीनं काही खायची रीत नाही. सुमननं उरलेल्या गोळ्या पाच बायकांत वाटून टाकल्या.

दोन महिन्यांनी ताप परत आला. तिची बांगडी कोपरापर्यंत चढू लागली. मामा उंबऱ्यात बसले.

“रक्तात शिपाई असतात. चोराचं तोंड ओळखून धरतात. पण ह्यो हिवतापाचा चोर तोंडच बदलतो. हमरापूरचे गणपती बघ, साचा एक, रंग निराळा. ओळखशील?”

“मामा, चोराला देवाची उपमा?” मी म्हणालो.

“देवाला कळतंय. तुला कळलं तरी पुरे. आणि त्यातले थोडे लिव्हरात जाऊन निजतात. हू नाय का चू नाय. शिपायांना वाटतं, गाव शांत झालं. मग हे उठतात.”

“म्हणून मी एकलीनंच खायच्या? बरं दिसतं का?” सुमन म्हणाली.

“बरं दिसू नको गो. बरी हो.”

मग ते चौदा दिवस रोज गोळी घेऊन सायकल हाणत आले. “तोंड उघड. जीभ वर कर.” शेवटच्या दिवशी खिशात रोह्याच्या बदलीचा कागद होता.

“आता गेला ना?” सुमननं विचारलं.

“मी नाय सांगत. तुझं अंग सांगेल.”

वर्षानं मी मुद्दाम रोह्याजवळच्या निडीला गेलो. मामा स्टेशनच्या बाकावर चपला काढून बसले होते. मी सांगितलं, ताप परत आला नाही, सुमन मीठ ओढते, माझ्याशी भांडते.

त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली.

“ताप परत आला की लोक बोलवायला येतात,” ते म्हणाले. “नाय आला, हे सांगायला कोण येतो?”

मग डोळे मिटून म्हणाले, “परत सांग.”